पिवळा ताप आणि मुनीरभाईचे ओगराळे

मी एक जुने ओगराळे आहे. माझा दांडा हातभर लांब आहे, काठाला निळी कड आहे आणि वाटीचा आतला भाग पांढरा आहे. एके काळी तो दुधासारखा होता. आता तळाशी बारीक तडे गेले आहेत आणि दांड्याजवळ इनॅमलचा एक टवका उडाला आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी ओगराळे पाहिलेही नसेल. घरी चार माणसांची आमटी डावाने वाढली जाते. जिथे चारशे माणसे जेवतात, तिथे माझ्यासारखे ओगराळे लागते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती साच्यात दाबून माझी वाटी केली. मग तिला आधी काळपट लेप दिला आणि भट्टीत घातले. त्यानंतर पांढरा लेप आणि पुन्हा भट्टी. त्या आगीची आठवण मला अजून आहे, पण त्या आगीनेच मला हे पांढरेपण दिले, म्हणून तक्रार करत नाही. तिथून मी खोक्यात बसून दुबईला आले आणि देरा भागातल्या एका भांड्यांच्या दुकानात टांगले गेले.

एकोणीसशे शहाण्णव साली मुनीरभाईने मला विकत घेतले. मुनीरभाई रत्नागिरी जिल्ह्यातला, हर्णैचा. दुबईतल्या मुहैस्नाहमध्ये बांधकाम कामगारांचा एक मोठा कॅम्प होता. सगळे त्या भागाला सोनापूर म्हणत. तिथल्या मेसमध्ये तो स्वयंपाकी होता. त्याने मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, माझ्यातून टण् असा आवाज आला आणि तो म्हणाला, "हां, हे चालंल. यल्ला, चला!"

ते दिवस माझ्या मानाचे होते. कामावरून बसगाड्या परतल्या की डबे आणि थाळ्या घेऊन रांग लागायची. मुनीरभाई मला पातेल्याच्या तळापर्यंत नेऊन वर काढायचा, कारण तळाशी डाळ असते आणि वर नुसते पाणी. शेवटच्या माणसालाही डाळ मिळाली पाहिजे, हा त्याचा नेम होता. पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ मुश्ताक वेल्डर म्हणून आला. तो मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभा राहायचा. पातेल्यात उरलेली आमटी मी त्याच्याच थाळीत ओतायचे आणि तो म्हणायचा, "भाय, अजून एक बुडी."

मग तो दिवस आला. कॅम्पच्या पाण्याच्या टाक्या, गटारे, साफसफाई आणि डास या सगळ्यांवर देखरेख ठेवायला सूर्यकांतभाऊ नावाचे गृहस्थ होते. ते रायगड जिल्ह्यातल्या पेणचे. तिकडे त्यांनी हिवताप खात्यात बारा वर्षे काम केले होते. विहिरी, हौद, भातखाचरे पालथी घालून डासांच्या अळ्या शोधणे हे त्यांचे काम. एके सकाळी ते मेसच्या दारात येऊन उभे राहिले.

"मुनीरभाई, तुमचं ते पांढरं ओगराळं मला द्या."

"कशाला? तुमच्याकडं जेवणावळ हाय का?"

"डासांच्या अळ्या बघायच्यात. माझा डिपर, म्हणजे अळ्या काढायचा डाव, तुटला. ऑफिसला रिक्वेस्ट टाकलीय, पण नवा यायला महिना जाईल. अळी काळपट असते, पांढऱ्या तळावर चटकन दिसते."

मुनीरभाईने मला छातीशी धरले. "या अल्ला! ज्यानं मी लोकांना जेवू घालतो, त्यात तुम्ही किडे पकडणार? एकदा गटारात गेलं की खलास. परत माझ्या किचनमधी यायचं नाय."

"परत आणणारच नाही. पण मागच्या आठवड्यात कॅम्पमध्ये बारा जण तापानं पडले. त्यांनी तुमची आमटी खाल्ली का? उलटून पडली सगळी. आधी ताप थांबवू, मग जेवण."

 मुनीरभाईने मला नळाखाली स्वच्छ धुतले, पुसले आणि सूर्यकांतभाऊंच्या हातात दिले. "घ्या. पण नीट वापरा," एवढेच म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी मला फार अपमान वाटला. काल मी डाळीत होते, आज एसीखाली साचलेल्या पाण्यात. लोक माझ्याकडे बघून नाक मुरडत. मुश्ताकही हसायचा, "आमच्या भायचं ओगराळं बघा, गटारात ड्यूटी करतंय!" सूर्यकांतभाऊ मला रोज धुऊन खोलीतल्या खिळ्याला लटकवत, पण स्वयंपाकघराचा वास यायचा तेव्हा मला वाटे, आपले चांगले दिवस संपले.

दोन हजार एक सालच्या ऑगस्टमध्ये कंपनीला पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात बंदराचा धक्का बांधण्याचे काम मिळाले. कॅम्पमधली अडतीस माणसे तिकडे निघाली. त्यात मुश्ताक होता आणि साताऱ्याकडचा दगडू नावाचा गवंडीही होता. सूर्यकांतभाऊंचेही नाव यादीत होते. त्या देशात जायचे तर पीतज्वराची, म्हणजे पिवळ्या तापाची, लस घ्यावी लागते आणि लस घेतल्याची नोंद एका पिवळ्या कार्डावर असावी लागते. सूर्यकांतभाऊ स्वतः सरकारी केंद्रात गेले आणि सुई टोचून घेऊन आले. दोन दिवस त्यांचा उजवा दंड दुखत होता, म्हणून त्यांनी मला डाव्या हाताने धरले. पुढे त्यांचे जाणे रद्द झाले आणि बाकीचे अडतीस जण गेले.

ऑक्टोबरात वाईट बातमी आली. दगडू वारला. आधी ताप, मग कावीळ, आणि आठ दिवसांत सगळे संपले. आणखी तिघे आजारी होते. कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टर रंजिता होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी सूर्यकांतभाऊंना बोलावून फॅक्सचा कागद पुढे केला. मी भाऊंच्या काखेत होते.

"ताप, पाठदुखी, उलट्या, एक दिवस बरं वाटणं आणि मग कावीळ," मॅडम वाचत होत्या. "मला तर हा यलो फीव्हरच वाटतोय. पण साइटचे लोक म्हणतात, सगळ्यांकडे यलो कार्ड आहे. लस घेतलेल्या माणसाला हा रोग सहसा होत नाही. म्हणून तिकडचा डॉक्टर म्हणतो, साधी कावीळ आहे, पाणी खराब असेल. कोणी म्हणतं, दगडू दारू प्यायचा."

"दगडू माळकरी होता, मॅडम. चहासुद्धा मोजून प्यायचा," सूर्यकांतभाऊ म्हणाले. "हा ताप डासानं होतो ना? मग इथं बसून नाही कळायचं. तिथलं पाणी बघायला पाहिजे."

मॅडमनी आदल्या वर्षीच एका वैद्यकीय पथकाबरोबर आफ्रिकेत काम केले होते, त्यामुळे त्यांचीही लस झालेली होती. तिसऱ्या दिवशी दोघांची तिकिटे आली. निघताना मुनीरभाई बसपर्यंत आला.

"भाऊ, मुश्ताकवर लक्ष ठेवा. येत्या गुरुवारी मी पण येतोय. नवी बॅच निघालीय, चव्वेचाळीस जण. स्वयंपाकी म्हणून माझं नाव टाकलंय." त्याने खिशातून पिवळे कार्ड काढून दाखवले. "हे बघा, शिक्का पण आला."

सूर्यकांतभाऊंनी मान हलवली. त्यांचे सगळे लक्ष बसकडे होते.

मी त्यांच्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून, विमानात बसले. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने मला बाहेर काढले आणि उलटसुलट करून पाहिले. सूर्यकांतभाऊंनी हाताने डास उडाल्याची खूण केली आणि मग मला पाण्यात बुडवल्याची. तो अधिकारी हसला नाही. त्याने मला अदबीने परत ठेवले. त्याच्या ओळखीतले कोणी आजारी होते की काय, कोण जाणे.

तो एक मासेमारीचा गाव होता. एका बाजूला लांबलचक होड्या, दुसऱ्या बाजूला आमच्या माणसांचा कंटेनरच्या खोल्यांचा कॅम्प. गावच्या दवाखान्यात अफी नावाची एक उंच परिचारिका होती. तिचे इंग्रजी मोडके होते, पण मॅडमना नीट कळत होते.

"माझ्या गावात तेवीस आजारी झाले, त्यातले सात गेले," ती म्हणाली. "पूर्वी मी ज्यांना पीतज्वराची लस टोचली, त्यांच्यातलं कोणी आजारी नाही. मी वरच्या कचेरीला कळवलं. तिथले लोक म्हणाले, धक्क्यावरचे परदेशी तर सगळे लस घेतलेले आहेत आणि तेही मरतायत. म्हणजे हा पीतज्वर नव्हे. मॅडम, तुमच्या माणसांनी माझा हिशोबच चुकवला."

मॅडमनी तिचे आकडे वहीत लिहून घेतले.

कॅम्पवर पोहोचलो तर कळले, मुश्ताक आदल्या दिवसापासून तापाने पडला आहे. मॅडम त्याच्याकडे गेल्या. सूर्यकांतभाऊंनी मला बॅगेतून काढले. तिथे पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा, म्हणून प्रत्येक खोलीसमोर निळी पिंपे भरून ठेवलेली होती. झाकणे कुठे दिसेनात. मागाहून कळले, ती उलटी घालून माणसे त्यांवर पत्ते खेळत.

सूर्यकांतभाऊंनी मला पहिल्या पिंपात तिरके बुडवले आणि अलगद वर काढले. मित्रांनो, माझ्या पांढऱ्या तळावर सतरा अळ्या वळवळत होत्या. मी मोजल्या नाहीत, त्यांनी मोठ्याने मोजल्या.

"ही हिवतापाची अळी नव्हे," ते साइटच्या फोरमनला म्हणाले. "ती पाण्यावर आडवी पडते. ही बघा, डोकं खाली करून लटकतेय. हिला घाण पाणी नको, तुमच्या-आमच्या पिण्याचं स्वच्छ पाणी लागतं. हिचा डास दिवसा चावतो, पायांवर पांढरे पट्टे असतात."

"हां, असे मच्छर तर खूप आहेत इकडे," फोरमन म्हणाला.

चौसष्ट पिंपांपैकी एक्केचाळीस पिंपांत अळ्या निघाल्या. मग आम्ही कोळीवाड्यात गेलो. तिथल्या मातीच्या रांजणांतही तेच. डास आहेत, ताप आहे, कावीळ आहे. सगळे जुळत होते, फक्त ती पिवळी कार्डे आडवी येत होती.

दुपारी सूर्यकांतभाऊ मुश्ताकजवळ बसले. मला त्यांनी दाराशी टेकवून ठेवले होते. मुश्ताकचे डोळे लाल झाले होते आणि पाठ दुखते म्हणून तो कुशीवर वळत होता. भाऊ त्याला चमच्याने साखर-मिठाचे पाणी पाजत होते आणि त्याचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून काहीबाही बोलत होते.

"ती लस घेतली तेव्हा माझा तर दंड असा दुखला, दोन दिवस वर होईना. तुझा कुठला दुखला रे? डावा की उजवा?"

"दंड? कशानं?"

"सुईनं रे. पिवळ्या कार्डाची सुई."

"सुई कसली, भाऊ?" मुश्ताक डोळे मिटूनच म्हणाला. "आम्हाला नाय टोचली. एजंटानं पासपोर्ट नेले आणि कार्ड लावून परत दिले. शिक्का होता त्याच्यावर."

सूर्यकांतभाऊंच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग ते उठले आणि "मॅडम! मॅडम!" असे ओरडतच बाहेर धावले. इतकी वर्षे मी त्यांच्याबरोबर होते, पण त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मॅडमनी एकेका माणसाला बोलावून एकच प्रश्न विचारला, सुई टोचली होती का? कोणी लाजत, कोणी हसत उत्तर देत होता. एक म्हणाला, "बरंच झालं म्हटलं, सुट्टी पण गेली नाही आणि दुखलं पण नाही." सदतीस माणसांपैकी एकतीस जणांना सुई टोचलेलीच नव्हती. सहा जण आधी दुसऱ्या कंपनीकडून आफ्रिकेत जाऊन आलेले होते. त्यांना खरी लस मिळाली होती आणि त्या सहांतला एकही आजारी नव्हता.

"अफीचा हिशोब बरोबर होता," मॅडम म्हणाल्या. "चूक कार्डात होती." मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "सूर्यकांत, आज वार कुठला?"

गुरुवार होता.

साइटच्या ऑफिसात एक सॅटेलाइट फोन होता. त्यातला पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येई. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला आणि तुटला. तिसऱ्यांदा कॅम्पच्या ऑफिसातल्या परेशने उचलला. त्याने सांगितले, नवी बॅच बसमध्ये बसते आहे, दहा मिनिटांत एअरपोर्टला निघेल.

"थांबवा ती बस!" मॅडम म्हणाल्या. "कोणालाही जाऊ देऊ नका. मी कंपनीची डॉक्टर म्हणून सांगतेय. आणि मुनीरला फोनवर द्या."

थोड्या वेळाने मुनीरभाईचा आवाज आला. "हॅलो, भाऊ? मुश्ताक कसाय?"

"मुनीरभाई, आधी मला सांगा, तुम्हाला सुई टोचली का?"

"नाय. कार्ड आलंय."

"मग विमानात बसू नका. कोणीच बसू नका. ती कार्डं खोटी आहेत. इथं पीतज्वर आहे."

 "मुश्ताकला तोच झालाय काय?"

सूर्यकांतभाऊ खोटे बोलले नाहीत. "हो, तसंच वाटतंय."

"मग मी येणार. माझी आई हर्णैला बसलीय. तिला मी काय तोंड दाखवू? मला येऊ द्या, भाऊ."

"मुनीरभाई, तुमच्या भावाजवळ मी आहे, मॅडम आहेत. तुम्ही आलात आणि पडलात तर मला दोघांना सांभाळावं लागेल. तुम्ही तिथंच राहा. आज त्या चव्वेचाळीस जणांना सरकारी केंद्रावर न्या आणि प्रत्येकाच्या दंडात सुई जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एवढं काम करा माझं."

मुनीरभाई रडत होता, हे मला आवाजावरून कळले. पण तो म्हणाला, "करतो." त्या दिवशीचे विमान आमच्या माणसांशिवाय गेले.

त्याच संध्याकाळी अफी आणि मॅडमनी गावातल्या आणि कॅम्पमधल्या आजाऱ्यांच्या रक्ताचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून राजधानीला रवाना केले. उत्तर यायला तीन दिवस लागणार होते. सूर्यकांतभाऊ थांबले नाहीत. त्यांनी कॅम्पमधल्या धडधाकट माणसांना उभे केले. पिंपे रिकामी केली. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण डासाची अंडी पिंपाच्या बाजूला चिकटलेली असतात, म्हणून आतून काथ्याने घासली आणि मग झाकणे लावली. पत्ते खेळणाऱ्यांनी निमूटपणे झाकणे परत आणून दिली. आजाऱ्यांना भर दिवसा मच्छरदाणीत झोपवले, म्हणजे डास त्यांना चावून तोच ताप दुसऱ्याला देणार नाही. मुश्ताक उकाड्याने कावला होता, पण बाहेर आला नाही.

चौथ्या दिवशी मुश्ताकचा ताप उतरला. तो उठून बसला. सगळ्या खोलीत आनंद झाला. कोणीतरी दुबईला फोन करायला निघाला, तेव्हा मॅडमनी त्याला थांबवले.

"अजून नाही. या रोगात असं होतं. एक दिवस बरं वाटतं. दगडूलाही वाटलं होतं. बहुतेक जण इथूनच बरे होतात, पण काहींचा ताप परत येतो आणि मग कावीळ होते. उद्या आणि परवा बघू."

मित्रांनो, ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. सूर्यकांतभाऊ मला घेऊन गावात फिरत, पण तासा-दोन तासांनी परत येत. मुश्ताकच्या कपाळावर हात ठेवत आणि खालची पापणी ओढून डोळ्यांचा रंग बघत. मुश्ताक बिचारा त्यांचाच चेहरा वाचत असे. पहिला दिवस गेला. डोळे पांढरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी त्याला उजेडात, दाराशी आणून बसवले. दोन्ही डोळे पाहिले, जीभ पाहिली, तळहात पाहिले. मग मॅडमनी पाहिले.

"भाऊ, बोला ना काहीतरी," मुश्ताक म्हणाला.

"काय बोलू? भूक लागलीय का?"

"कधीची! भायच्या हातची आमटी असती तर पातेलं चाटलं असतं."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. आपल्याला इतकी काळजी होती, हे त्यांनी तोवर कोणाला कळू दिले नव्हते. सूर्यकांतभाऊ मुनीरभाईला कळवायला सरळ फोनकडे गेले.

राजधानीचे उत्तर आले. पीतज्वरच होता. आता अफीला कोणी नाही म्हणू शकत नव्हते. पाच दिवसांनी लशीच्या पेट्या घेऊन दोन जीपगाड्या आल्या. अफीने गावातली माणसे रांगेत उभी केली. आमच्या कॅम्पची माणसेही त्याच रांगेत कोळ्यांच्या मागे उभी राहिली. ज्याला सुट्टी वाचल्याचा आनंद झाला होता, तो सगळ्यांत आधी बाही वर करून उभा होता. लशीचा गुण यायला दहा-एक दिवस लागतात. त्या दहा दिवसांत आणखी चौघे आजारी झाले. पण बाराव्या दिवसानंतर एकही नाही. कॅम्पमधले आधीचे तिघेही हळूहळू उठून बसले.

मी रोज पिंपांत आणि रांजणांत बुडत होते. अळ्या सतराच्या पाच झाल्या, पाचाची एक झाली. एके सकाळी सूर्यकांतभाऊंनी कोळीवाड्यातल्या शेवटच्या रांजणातून मला वर काढले. माझ्यात नितळ पाणी होते आणि त्याखाली माझा पांढरा तळ दिसत होता. बाकी काही नाही. अफीने वाकून पाहिले आणि आनंदाने टाळी वाजवली. पूर्वी भरलेले असणे हाच माझा मान होता. त्या दिवशी मला रिकामेपणाचा अभिमान वाटला आणि स्वयंपाकघर सुटल्याचे दुःख मनातून गेले.

डिसेंबरात आम्ही दुबईला परतलो. मुश्ताक आमच्याबरोबर होता, वाळून काटकी झालेला. विमानतळावर मुनीरभाईने त्याला मिठी मारली, मग सोडून एक चापट मारली, "सुई नाय टोचली तर विचारायचं नाय का रे?" आणि पुन्हा मिठी मारली. "तुम्ही तरी कुठं विचारलंत, भाय?" मुश्ताक म्हणाला. मुनीरभाई ओशाळून हसला. त्या एजंटाच्या खोलीत पोलिसांना बनावट शिक्के सापडले. पुढे त्याला शिक्षा झाली असे ऐकले. पण कंपनीनेही तेव्हापासून नियम केला की सुई टोचताना मॅडमचा माणूस हजर पाहिजे.

एक काम मात्र राहिले होते. दगडूच्या गावी लोक म्हणत होते, परदेशात दारू पिऊन मेला. सूर्यकांतभाऊंनी त्याच्या बायकोला, रंभाला, पत्र लिहिले. दगडू दारूने गेला नाही, त्याला पीतज्वर झाला होता आणि ज्यांनी लस द्यायची त्यांनी ती दिली नाही, हे मॅडमच्या सहीने लिहून पाठवले. महिन्याने उत्तर आले. भाऊंनी ते मेसमध्ये उभे राहून वाचले. "भाऊ, तुमचा कागद मी ग्रामपंचायतीत सगळ्यांपुढं वाचून घेतला. माझा माणूस गेला तो गेला, पण आता माझी लेकरं मान वर करून शाळेत जातात."  त्या दिवशी पातेल्यात आमटी उरली.

त्याला आता चार वर्षे झाली. सूर्यकांतभाऊ पेणला परत गेले. त्यांच्या जागी परेश आला आणि त्याने प्लास्टिकचे नवे डिपर मागवले. मध्यंतरी मॅडम मला एकदा अबू धाबीला, खलिफा सिटीतल्या त्यांच्या मुलीच्या शाळेत घेऊन गेल्या. मुलांनी मला हातोहात फिरवले. "इज इट अ सूप स्पून?" एकाने विचारले. "ईऽऽ, इट्स सो ओल्ड!" दुसरी म्हणाली. मॅडमनी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. मग ती दुसरी मुलगी पुढे आली आणि तिने मला तिच्या रुमालाने पुसले.

आता मी कॅम्पच्या स्टोअरमध्ये जुन्या नळांशेजारी पडून असते. महिने महिने कोणी हात लावत नाही. पुढच्या आठवड्यात स्टोअर साफ करणार आहेत, असे परेश म्हणत होता. कदाचित मला टाकून देतील. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. माझ्या हातून जे व्हायचे ते झाले.

मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगते. कार्डावरचा शिक्का बघून गप्प बसू नका, सुई टोचली का ते विचारा. पिंपावर झाकण आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, आठवड्यातून एकदा ते उघडून बघा. आणि परेशला माझा एक निरोप द्या. मला उघड्यावर टाकलेस तर चालेल बाबा, पण उलटे टाक. माझ्या वाटीत पाणी साचू देऊ नकोस.